दर्यात उतार नाही: डायना ट्रकचे इंजिन मच्छीमार नौकेत बसवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीमुखाच्या बंदरात ४२ फुटी लाकडी मच्छीमार नौका आहे. मालकी दोन भावांच्या सामाईक नावावर असून तांडेल, म्हणजे नौका चालवणारा प्रमुख, त्यांचा मेव्हणा आहे. ओळख पटू नये म्हणून बंदराचे नाव आणि काही किरकोळ तपशील येथे बदलले आहेत. यांत्रिक बाबी मात्र घडल्या तशाच दिल्या आहेत, आणि त्यांतील एक चूक माझी स्वतःची असल्याने ती सौम्य करून सांगण्याचा प्रश्न येत नाही. मी या कामात सल्लागार म्हणून होतो.

नौकेवर किनाऱ्यावर सर्रास दिसणारे सहा सिलिंडरचे जुने इंजिन होते. ३:१ गिअरबॉक्समधून ते नौका ढकलणारा पंखा (प्रोपेलर) फिरवत असे, म्हणजे इंजिनाच्या तीन फेऱ्यांना पंख्याची एक फेरी. मिनिटाला २००० फेऱ्यांवर इंजिन ताशी १५ ते १६ लिटर डिझेल घेई. त्यावरून आणि पंख्याच्या मापांवरून पाहता पंख्याला तेथे सुमारे ७५ अश्वशक्ती लागत होती. हा आकडा पुढे फार महत्त्वाचा ठरला. खरे तर तो सुरुवातीलाच महत्त्वाचा ठरायला हवा होता.

अडचण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिनाचे ऑइल दुधाळ झाले, म्हणजे त्यात पाणी शिरत होते. हेड उतरवून पाहिल्यावर हेडगॅस्केट शाबूत निघाले, पण दोन सिलिंडरांच्या मधल्या भिंतीला पाण्याच्या बाजूने खोल खड्डे पडून एक भोक आरपार गेले होते. ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीत गंजाचा लगदा साचलेला होता.

येथे पहिला निर्णयाचा टप्पा आला. मालकांना लगेच दुसरे इंजिन शोधायचे होते, कारण महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी असते आणि इंजिनाचे मोठे काम त्याच ६१ दिवसांत उरकावे लागते. तरीही तीन दिवस आम्ही फक्त कारण शोधण्यात घालवले, आणि ते दिवस वाया गेले नाहीत. कूलरच्या दोन नळ्या गळत होत्या, म्हणजे खारे पाणी इंजिनाच्या गोड्या पाण्यात शिरत होते, हे तर दिसतच होते. त्यासोबत आणखी एक गोष्ट उघड झाली. इंजिनात वरून भरायचे पाणी जेटीजवळच्या विहिरीतून येत होते आणि ती विहीर चैत्र-वैशाखात मचूळ होते. माणसे ते पाणी पीत नाहीत, पण इंजिनाला वर्षानुवर्षे तेच पाजले जात होते. कूलंट घालण्याची पद्धत नव्हती. हे कारण दूर केले नसते, तर कोणतेही इंजिन त्याच वाटेने गेले असते.

पर्याय

जुन्या ब्लॉकला स्लीव्ह बसवून आणि भोक बुजवून तो पुन्हा वापरणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. पण एका भिंतीला भोक पडले असेल तर बाकीच्या भिंती किती पातळ झाल्या आहेत हे कळायला साधन नव्हते, म्हणून तो लगेच बाद झाला. नवे मरीन इंजिन घ्यायचे तर कर्ज काढावे लागणार होते आणि जाळ्यांचे जुने कर्ज अजून फिटलेले नव्हते. त्याच जातीचे वापरलेले सहा सिलिंडरचे इंजिन हा सरधोपट पर्याय होता. त्याचे सुटे भाग रत्नागिरीतच मिळतात आणि ते खोलता येणारे फिटर प्रत्येक बंदरात आहेत. पण हंगाम संपताच अशा इंजिनांना मागणी येते आणि भाव चढतात. जी दोन पाहायला मिळाली त्यांपैकी एकाचा क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, ग्राइंडिंगने शेवटच्या मापापर्यंत घासलेला होता आणि दुसऱ्याच्या कागदांचा पत्ता नव्हता.

चौथा पर्याय अनपेक्षितपणे पुढे आला. संगमेश्वर तालुक्यातील एका भातगिरणीच्या आवारात डीसीएम टोयोटाचा डायना ट्रक काही वर्षे उभा होता. गिरणीवाले ते इंजिन मधूनमधून सुरू करत. ब्लॉकवर १४बी हा शिक्का होता. मागितलेली किंमत वापरलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाच्या निम्म्याहून कमी होती.

या इंजिनाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९८०च्या दशकात जपानी भागीदारीतले चार हलके ट्रक आपल्याकडे आले: स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निसान आणि डीसीएम टोयोटा. यांपैकी आयशर आणि स्वराज टिकले, म्हणून त्यांचे भाग आजही मिळतात. डीसीएमचा ताबा १९९०च्या दशकाच्या मध्यात देवू समूहाकडे गेला, कंपनीचे लक्ष मोटारींकडे वळले आणि डायना मागे पडला. ट्रक गेले तरी इंजिनाचा लौकिक राहिला. १४बी हे चार सिलिंडरचे, १०२ मिलिमीटर बोअर आणि ११२ मिलिमीटर स्ट्रोकचे, ३,६६१ सीसीचे इंजिन आहे. डिझेलचा फवारा थेट सिलिंडरात होतो, आणि टायमिंगला पट्टा किंवा साखळी नसून गिअर आहेत, त्यामुळे पट्टा तुटून व्हॉल्व्ह वाकण्याची भीती नाही. ब्राझीलमधील टोयोटाच्या बांदेरांते जीपला १९९४ पासून हेच इंजिन बसवले गेले. इंजिन बदलण्याचा नाद असलेली जीपवाली मंडळी आपल्याकडेही ते शोधत असतात.

असाच एक जीपवाला गिरणीवाल्याकडे आमच्या आधी येऊन गेला होता. त्याचा व्यवहार अडला तो कायद्याने. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावल्यापासून वेगळ्या जातीचे इंजिन आरसी बुकात चढवून घेणे आणखी अवघड झाले आहे. नौकेला हे कलम लागू नाही. तिची नोंदणी आणि मासेमारी परवाना यांची वाट वेगळी आहे. रस्त्यावर नको असलेले इंजिन पाण्यात चालते, हा या प्रकरणातील थोडा विनोदी भाग.

इंजिनाची पारख

इंजिन ट्रकमध्येच असताना सकाळी थंड अवस्थेत ते सुरू करून पाहिले. दुसऱ्या फिरकीला सुरू झाले आणि पांढरा धूर मिनिटभरात गेला. ऑइल भरण्याचे झाकण काढून हातावर वाफ किती येते ते पाहिले, ती अगदी मंद होती. तासभर चालवून गरम झाल्यावर ऑइलचा दाब टिकून राहिला. कॉम्प्रेशनमध्ये चारही सिलिंडरांतला फरक फार थोडा होता. एवढ्यावर इंजिन घेतले असते तरी चालले असते, पण समुद्रासाठी घ्यायचे म्हणून संप (तळाची ऑइलची टाकी) उतरवून क्रँकला आधार देणारे मेन बेअरिंग पाहिले. त्यांवरचा थर झिजून तांबे दिसू लागले होते, मात्र क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मूळ मापाचे होते. क्रँकला अजून एकदाही ग्राइंडिंग झालेले नाही याचा अर्थ पुढे काही वेळा ते करता येईल, आणि दुर्मीळ इंजिनाच्या बाबतीत ही जवळजवळ पेन्शनसारखी गोष्ट आहे.

तांडेलाचे मत मात्र वेगळे होते. तो म्हणाला, “गाडीचं इंजिन आंबा घाट चढून आलं की उतारावर दम घेतं. दर्यात उतार नाय.” ट्रकचे इंजिन पूर्ण ताकद क्वचित आणि थोडा वेळ देते, ट्रॉल, म्हणजे पाण्यातून ओढत नेण्याचे जाळे, ओढणारी नौका तीच ताकद तासन्‌तास मागते. मी हे वाक्य वहीत लिहून घेतले आणि त्याचा अर्थ आपल्याला कळला असे समजलो.

निर्णय आणि काम

इंजिन घेण्याचे ठरले. कागदांच्या बाबतीत मालकांनी योग्य काळजी घेतली. ट्रक कायमचा वापराबाहेर गेल्याची सूचना देऊन कलम ५५ खाली त्याची नोंदणी आधी रद्द करून घेण्यात आली, गिरणीवाल्याकडून इंजिन नंबरासह बिल घेतले आणि मगच पैसे दिले. नाहीतर एकच इंजिन नंबर ट्रकच्या आणि नौकेच्या दोन्ही नोंदींत जिवंत राहिला असता.

थंड करण्याची पद्धत पूर्णपणे बदलली. या इंजिनासाठी पाण्याचे आवरण असलेला तयार एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा तयार कूलर बाजारात नव्हता. त्या उणिवेचाच आम्ही उपयोग करून घेतला आणि तळाच्या दोन्ही बाजूंना तांबे-निकेलच्या नळ्या लावून कील कूलिंग केले, म्हणजे इंजिनातले कूलंट त्या नळ्यांतून फिरून समुद्राला उष्णता देते आणि खारे पाणी इंजिनाकडे फिरकतच नाही. डिझेलमधल्या उष्णतेचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा शाफ्टवर येतो, तिसरा हिस्सा धुराबरोबर जातो आणि उरलेली बहुतांश पाण्यात उतरते. त्या हिशोबाने, उन्हाळ्यात समुद्राचे पाणी ३० अंशांच्या आसपास असते हे धरून, नळ्यांची लांबी ठरवली. नळ्यांजवळ लोखंडी खिळे राहू दिले नाहीत, कारण खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारचे लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. एक्झॉस्ट कोरडाच ठेवून त्यावर काचतंतूंची दोरी गुंडाळली आणि इंजिनखोलीला मोठे हवादान काढले. इंजिनात भरायला मचूळ विहिरीऐवजी कूलंट मिसळलेले पाणी आले, ज्याचा डबा आता केबिनमध्ये कुलपात असतो.

गिअरबॉक्स जोडण्यासाठी लागणारी प्लेट कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून घेतली. तेथील लेथवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऑइल इंजिने केली आहेत. कागदावरचे चित्र पाहण्याआधी आमच्या लेथवाल्याने फ्लायव्हील मागितले आणि स्टार्टर कोठे बसतो ते विचारले. प्लेटचे केंद्र आणि क्रँकचे केंद्र डायल लावून जुळवले. इंजिन नौकेत मागे कललेले बसते, त्यामुळे ऑइल संपच्या मागच्या भागात जमते. म्हणून ऑइल उचलणारी नळी तपासून घेतली आणि डिपस्टिकवर नव्या खुणा केल्या. आल्टरनेटरच्या मागचा, ट्रकच्या ब्रेकसाठी असलेला व्हॅक्युम पंप काढून त्याची ऑइलची वाट बंद केली. सर्व मेन आणि बिगएंड बेअरिंग बदलली. ती मुंबईत, कुर्ल्याच्या बाजारात एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर मिळाली, आणि तेवढ्याने आम्ही असे मानले की सुटे भाग मिळतात.

जुना ३:१ गिअरबॉक्स चांगल्या स्थितीत होता. तो तसाच ठेवण्याचा निर्णय माझा.

पहिला हंगाम

खाडीतली चाचणी उत्तम झाली. नौका रिकामी होती, जाळे नव्हते, बर्फ नव्हता. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या खऱ्या फेरीला निघाल्यावर, भरल्या नौकेने ट्रॉल ओढताना इंजिन १९०० फेऱ्यांच्या वर जाईना आणि काळा धूर सुटला. इंजिन बिघडलेले नव्हते. त्याच्यावर अवास्तव ओझे टाकले गेले होते.

चूक अशी होती. १४बीची सुमारे ९८ अश्वशक्ती ३४०० फेऱ्यांवर मिळते, आणि पंख्याला तर ७५ पुरतात, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण ३:१ गिअरबॉक्समुळे इंजिनाला २००० च्या आसपासच चालायचे होते. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे २४० न्यूटन मीटर आहे. तो पूर्ण मिळाला तरी २००० फेऱ्यांवर ६८ अश्वशक्तीपलीकडे काही निघत नाही. पंख्याची भूक फेऱ्यांच्या घनाने वाढते. गणित मांडले तर इंजिनाची ताकद आणि पंख्याची मागणी बरोबर १९०० फेऱ्यांवर, सुमारे ६४-६५ अश्वशक्तीवर भेटतात, आणि समुद्रात इंजिन नेमके तेथेच अडले होते. जुने सहा सिलिंडरचे इंजिन आकाराने मोठे असल्याने कमी फेऱ्यांवर ती ताकद सहज देत असे. तांडेलाच्या वाक्याचा अर्थ हाच होता, फक्त त्याने तो आकड्यांत सांगितला नव्हता.

आता दोन मार्ग होते. पंख्याची पिच (पात्यांचा तिरपेपणा) कमी करून घेतली असती तर खर्च थोडा आला असता, पण ट्रॉल ओढण्याचा जोर कमी झाला असता. ४:१ गिअरबॉक्स घेतला तर पंखा तोच राहून इंजिन २६६० च्या आसपास चालले असते, जेथे ते ८५ च्या घरात ताकद देऊ शकते, म्हणजे ७५ मागितल्यावर थोडी शिल्लक राहते. मालकांनी दुसरा मार्ग पत्करला. वापरलेला, तपासलेला ४:१ गिअरबॉक्स मिळेपर्यंत थ्रॉटलला अडसर लावून १७०० फेऱ्यांवरच मासेमारी करायची असे ठरले. हा अडसर तांडेलाने दोनदा सैल केल्याचे मला नंतर समजले, आणि त्याला दोष देणे अवघड आहे. शेजारच्या नौका पुढे जात असताना मागे राहणे कोणाला आवडत नाही. गिअरबॉक्स सप्टेंबरच्या शेवटी बसला. सहा दिवस नौका किनाऱ्याला होती. त्यानंतर धूर गेला, आवाज वाढला आणि जाळ्याचा वेग पूर्ववत झाला.

नोव्हेंबरमध्ये, किनाऱ्यापासून सुमारे १४ सागरी मैलांवर, इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचे सील गेले. कूलंट संपण्याआधी इंजिन बंद केल्यामुळे हेड वाचले. दुसऱ्या नौकेने ओढून आणले. पंप कुर्ल्यात नव्हता, पुण्यात नव्हता. बाहेरून मागवलेला अकरा दिवसांनी आला, आणि ते अकरा दिवस सुरमईचे होते. तोवर उद्यमनगरातल्या त्याच लेथवाल्याने जुन्या पंपाची बॉडी बोअर करून त्यात कोठेही मिळणारे बेअरिंग आणि सील बसवून दिले. तो पंप मागवलेल्याच्या दोन दिवस आधी हातात आला आणि आजही तोच चालू आहे. मागवलेला खोक्यात आहे.

कागदांतही एक ढिलाई झाली. इंजिन नंबर आणि अश्वशक्ती बदलल्याची नोंद परवान्यावर आणि रिअलक्राफ्ट या संगणकीय नोंदणीत करून घेण्याचा अर्ज आम्ही जुलैऐवजी ऑगस्टच्या शेवटी केला. नौकेवरचे इंजिन आणि नोंदीतले इंजिन जुळेपर्यंत संस्थेमार्फत मिळणारा डिझेलवरील कराचा परतावा मागता आला नाही. तो भुर्दंड निव्वळ उशिराचा होता.

मेअखेर इंजिनाचे सुमारे १६०० तास भरले. संप उतरवून दोन बेअरिंग पाहिली, दोन्ही स्वच्छ होती. ऑइलमध्ये पाण्याचा अंश नव्हता. संपूर्ण हंगामात इंजिनाच्या मुख्य भागात एकही बिघाड झाला नाही. जे काही बंद पडले ते त्याच्या कडेला लागलेले होते किंवा आम्ही चुकीचे जोडलेले होते.

वेगळे काय करता आले असते

हिशोब उलट्या दिशेने करायला हवा होता. आधी पंख्याला किती फेऱ्यांवर किती ताकद लागते ते, मग तेवढी ताकद नवे इंजिन न थकता कोणत्या फेऱ्यांवर देते ते, आणि शेवटी गिअरबॉक्स. मी विक्रीपत्रकातल्या सर्वांत मोठ्या आकड्यापासून सुरुवात केली. खाडीतल्या चाचणीत नौकेवर बर्फाऐवजी वाळूच्या गोण्या टाकून जाळे ओढले असते, तरी दोष जुलैतच दिसला असता.

बेअरिंग मिळाली म्हणून भाग मिळतात असे समजणे ही दुसरी चूक. बंदीच्या दोन महिन्यांत पाण्याचा पंप, ऑइल सील, आल्टरनेटर, स्टार्टर, फीड पंप हे सर्व खोलून प्रत्येकाची मापे घ्यायला आणि स्थानिक पर्याय ठरवायला वेळ होता. लेथवाल्याने नोव्हेंबरमध्ये जे केले ते त्याने जुलैमध्येही केले असते, तेही घाईविना. सामान्य इंजिन असते तर हे काम करावेच लागले नसते, कारण ते आधीच कोणीतरी करून ठेवलेले असते. किंमत निम्मी का होती याचे उत्तर मला तेथे दिसते.

मालकांना आज विचारले तर ते इंजिनावर समाधानी आहेत. ४:१ गिअरबॉक्स, प्लेट, नळ्या, ओढून आणण्याचा खर्च आणि बुडालेले दिवस धरले तर वापरलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा पहिल्या वर्षी फारशी बचत झाली नाही, हे त्यांनाही मान्य आहे. डिझेलची बचत किती झाली हे सांगणे कठीण, कारण समुद्रातल्या फेऱ्या आणि मासळी दोन्ही दर वर्षी सारखी नसतात. देवगडच्या एका नौकामालकाने हेच इंजिन बसवण्याविषयी विचारले तेव्हा मी त्याला, उद्यमनगराशी ओळख आहे का आणि दुसरे इंजिन भागांसाठी ठेवायला जागा आहे का, एवढेच विचारले. दोन्ही उत्तरे नकारार्थी आली, आणि त्याने सहा सिलिंडरचे घेतले. मला वाटते त्याने योग्य केले.

या नौकेसाठी मात्र मार्चमध्ये कोल्हापूरच्या भंगारातून दुसरे १४बी आणले आहे. त्याचा क्रँक निकामी आहे, पण हेड, टायमिंग गिअर, फीड पंप आणि स्टार्टर उपयोगाचे आहेत. ते घराच्या पडवीत ताडपत्रीखाली आहे. नौका शाकारण्याआधी तळ पाहिला तेव्हा खाडीच्या तोंडाशी वाळूला लागून डाव्या बाजूच्या कूलिंग नळीची लाकडी आडफळी फाटलेली दिसली. नळी वाचली आहे. ती चार इंच वर सरकवून घेणे हे या जूनमधले पहिले काम आहे.